नॉर्मल

श्रावण लागायच्या आधीच्या आठवड्यात आमच्या लॅबमध्ये एक ठरावीक गिऱ्हाईक येतं. पुरुष, चाळिशीच्या पुढचा, बोटात गाडीची किल्ली फिरवत. डॉक्टरांची चिठ्ठी नसते. काउंटरवर वाकून हळू आवाजात म्हणतो, "ते लिव्हरचं करायचंय." मी विचारतो, एलएफटी का? "हां, तेच. पण दुपारपर्यंत मिळेल ना? संध्याकाळी बसायचंय."

संध्याकाळी गटारीची बैठक असते आणि रिपोर्ट तिच्या आधी हातात हवा असतो. नॉर्मल आला की बैठक निर्धास्त. त्या रिपोर्टचा उपयोग तेवढाच.

हसू नका. मी स्वतः हे कैक वर्षं केलंय, आणि मला तर रक्त द्यायला कुणाच्या दारातही जावं लागत नव्हतं.

मी सांगोल्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रिपोर्टवर सही पॅथॉलॉजिस्ट मॅडमची. सुई, पिपेट आणि मशीन माझ्याकडे. सकाळी साडेदहाला सेंट्रिफ्यूज थांबतं तेव्हा आमचा खरा दिवस सुरू होतो. नळ्या बाहेर काढायच्या. खाली लाल गोळा बसलेला, वर सीरम. चांगल्या माणसाचं सीरम वाळल्या गवताच्या रंगाचं, स्वच्छ, आरपार दिसणारं असतं. कावीळ झालेल्याचं हळद कालवल्यासारखं. आणि रात्री मटण आणि दारू रिचवून सकाळी "उपाशीच आहे" असं शपथेवर सांगणाऱ्या माणसाचं? दुधाळ. अक्षरशः नळीत चमचाभर दूध ओतल्यासारखं. आमचं मशीन नमुन्यातून प्रकाश सोडून मोजतं, आणि अशा नळीतून प्रकाश धड पार जात नाही. त्यातली ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, 900 च्या घरात असतात. 1000 च्या वर गेली की स्वादुपिंडाला सूज यायची भीती, आणि ते दुखणं ज्याला झालंय तो पाठ वाकवून, गुडघे पोटाशी घेऊन बसतो, त्याला दुसरं काही सुचत नाही. हे सगळं मी नळी हातात घेतल्या घेतल्या ओळखतो. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी स्टँडमधल्या नळ्यांची रांग बघितली की गावात रात्री कुठे कुठे काय काय झालं ते कळतं. बोलायचं मात्र काही नसतं.

आमच्याकडे "पिणे" हे क्रियापद फक्त दुसऱ्यासाठी असतं. गडी पितो, ड्रायव्हर पितो. आपण "घेतो". साहेब लोक "कधीतरी घेतात". चारजण मिळून असलो तर "बसतो". "आज बसायचं का?" या वाक्यात दारूचा उल्लेखसुद्धा नाही, तरी शेंबड्या पोराला अर्थ कळतो. जो गटारात पडतो तो दारुडा. जो घरी येऊन, हातपाय धुऊन, जेवून झोपतो त्याला तो शब्द लागत नाही.

माझे मामा या हिशेबानं दारुडे नव्हतेच.

साडेचार एकर डाळिंब, आधी गणेश वाण आणि पुढं भगवा. तेल्या रोगानं बाग दोनदा काढून टाकली, दोनदा लावली. संध्याकाळी साडेसातला एक क्वार्टर, शेडवर बसून, खारे शेंगदाणे आणि कांदा. कधी आवाज चढला नाही, कधी मामीवर हात उचलला नाही. सकाळी सहाला ड्रिपचे व्हॉल्व फिरवायला हजर. पंचवीस वर्षं हा नेम. आषाढी-कार्तिकी आणि श्रावण सोडून. "श्रावणात महिनाभर थेंब शिवत न्हाई मी," असं ते सांगायचे, आणि आम्ही भाचे मंडळी माना डोलवायचो. ज्याला महिनाभर सोडता येते त्याला व्यसन कसलं, असा तो युक्तिवाद. ते सोडणं त्यांना किती जड जायचं, पहिले चार दिवस हाताला कापरं असायचं, घामानं गादी भिजायची, हे मामीनं मला फार उशिरा सांगितलं. तेव्हा घरातले सगळे म्हणायचे, उपासानं अशक्तपणा आलाय, शाबुदाणा जास्त खा.

क्वार्टरचा हिशेब मी नंतर मांडला. बाटलीवर 42.8 टक्के लिहिलेलं असतं. 180 मिलीत 77 मिली शुद्ध अल्कोहोल. ते पाण्यापेक्षा हलकं, म्हणून वजनात 61 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना एक ड्रिंक मोजते ते 10 ग्रॅमचं. म्हणजे मामांचं "एवढंसंच" रोज सहा ड्रिंक भरायचं. हाच हिशेब बिअरवाल्यांनीही करून बघावा. 650 मिलीची स्ट्राँग बाटली, 8 टक्के, म्हणजे 41 ग्रॅम. जवळजवळ सव्वाशे मिली व्हिस्की. आणि आमच्याकडे ती मुतखड्यावर औषध म्हणून देतात! लघवी जास्त होते हे खरं, पण शरीराला कोरडं पाडून होते. बसलेला खडा त्यानं विरघळत नाही. माझ्या ओळखीत एकजण तीन उन्हाळे खड्याच्या नावाखाली बिअर पीत होता. खडा अजून आहे.

असो. मामांवर येतो.

फेब्रुवारी 2016. मामी त्यांना जवळजवळ ढकलतच लॅबमध्ये घेऊन आली. पाय सुजतात, दुपारी झोप लागते, जेवण जात नाही. मी पट्टा बांधला आणि दंड बघून चरकलो. मामांचा दंड! पोतं एका हातानं उचलणारा माणूस, आणि दंड पोरासारखा बारीक, पोट मात्र पुढं आलेलं. तळहात लालसर. छातीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल शिरा. मला हे सगळं माहीत होतं. डीएमएलटीच्या, म्हणजे आमच्या टेक्निशियनच्या कोर्सच्या, पुस्तकात नसलं तरी इतक्या वर्षांत डॉक्टरांच्या तोंडून ऐकून ऐकून माहीत होतं.

दुपारी आकडे आले. एसजीपीटी 34. आमच्या रिपोर्टवर शेजारी मर्यादा छापलेली असते, 40 पर्यंत. म्हणजे नॉर्मल.

मॅडमची सही व्हायच्या आधी मी फोन लावला. "मामा, एसजीपीटी 34. एक नंबर."

खाली बाकीचे आकडेही होते. एसजीओटी 71, म्हणजे एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त. दारूनं खाल्लेल्या लिव्हरची ही अगदी ठळक खूण. अल्ब्युमिन 2.8, असायला हवं साडेतीनच्या वर. आणि सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, प्लेटलेट 74 हजार. दीड लाख हवेत. मी स्वतःला सांगितलं, प्लेटलेटच्या गुठळ्या झाल्या की सेल काउंटर कमी मोजतं, तसं झालं असेल. तसं होतंही. पण मग स्लाइड करून मायक्रोस्कोपखाली बघायची असते. पाच मिनिटांचं काम. ती मी केली नाही. मॅडमनी रिपोर्टवर पेनानं लिहिलं होतं, सोनोग्राफी करून घ्यावी, फिजिशियनना दाखवावं. मी तो कागद घडी करून मामांच्या खिशात घातला आणि वर म्हणालो, डॉक्टर लोकांना लिहावंच लागतं.

त्या संध्याकाळी शेडवर मटण झालं. खंबा आला. मामा मला "डॉक्टरसाहेब" म्हणत माझ्या ग्लासात ओतत होते. मामी भाकऱ्यांची चवड घेऊन आली, ठेवली, आणि पदरानं हात पुसत मला एकट्यालाच ऐकू येईल असं विचारलं, "समदं नीट हाय न्हवं?"

"नॉर्मल आहे मामी."

आता या आकड्याचं गौडबंगाल सांगतो, कारण हे कुणीच सांगत नाही. एसजीपीटी हे लिव्हरच्या पेशीच्या आत असतं. पेशी फुटली की रक्तात सांडतं. म्हणजे हा आकडा लिव्हर किती चांगलं आहे ते सांगत नाही, आज किती पेशी फुटल्या ते सांगतो. डाळिंबवाल्यांना लगेच कळेल. झाडाखाली किती फळं गळून पडलीत त्यावरून आपण रोगाचा अंदाज बांधतो. पण बागेतली निम्मी झाडं आधीच वाळून गेली असतील तर गळायला फळं उरतात कुठं? सडा कमी दिसला म्हणून बाग सुधारली का? सिऱ्हॉसिस झालेल्या, म्हणजे व्रण पडून कडक झालेल्या लिव्हरचं तसंच होतं. फुटायला पेशी कमी उरतात, आकडा मर्यादेत येतो. लिव्हरचं काम कसं चाललंय ते बघायचं तर अल्ब्युमिन बघायचं, कारण ते लिव्हर स्वतः बनवतं. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायचं. आणि प्लेटलेट बघायच्या, कारण लिव्हर आवळलं की मागं रक्त तुंबून प्लीहा फुगते आणि प्लेटलेट अडवून ठेवते. हे तिन्ही मिळून सांगत होते. मी त्यातला मला हवा तो एकच आकडा वाचला.

जुलैत, आषाढी चार दिवसांवर असताना, पहाटे साडेचारला मामीचा फोन. उलटी झाली म्हणाली. मी म्हटलं, काय खाल्लं होतं? ती म्हणाली, "रगात हाय रे. घमेलंभर हाय."

जीपमधून मिरजेला न्यायचं ठरलं. शंभरेक किलोमीटर. आणि तो रस्ता त्या दिवसांत म्हणजे सगळा वारकऱ्यांचा. कर्नाटकातल्या, सांगली-कोल्हापूरकडच्या दिंड्या पंढरपूरला निघालेल्या, आणि आम्ही उलट्या दिशेनं चाललेलो. जुनोनीपासून नागज फाट्यापर्यंत टाळ आणि पताका समोरून अंगावर येत होत्या. हॉर्न वाजवायची वेळ आली नाही. लाइट चालू ठेवलेली जीप बघून पुढचा माणूस हात वर करायचा आणि अख्खी दिंडी डावीकडं सरकायची. एका म्हाताऱ्यानं खिडकीतून आत पाहिलं, मामीच्या मांडीवरचं डोकं पाहिलं, आणि पताका खाली केली.

अन्ननलिकेच्या तळाशी शिरा फुगून त्यातली एक फुटली होती. दुर्बीण घालून चार रबरी कड्या आवळल्या. चौथ्या दिवशी डॉक्टर समजावायला आले. लिव्हर कडक झालंय, आतड्याकडून येणारं रक्त त्यातून जाऊ शकत नाही, म्हणून ते आडवाटेनं जातं... मामांनी त्यांना मधेच थांबवलं. आवाज खोल गेलेला, पण डोळ्यांत जुनी चमक.

"फिल्टर चोक झालाय म्हना की. म्हंजे प्रेशर वाढून ड्रिपची लॅटरल नळी फुटली."

डॉक्टर क्षणभर गप्प झाले, मग हसले. म्हणाले, मी आता सगळ्या पेशंटना असंच सांगणार.

पुढचे सहा महिने मी थोडक्यात सांगतो, कारण सविस्तर सांगायची माझी तयारी नाही. मामांनी त्या दिवसापासून थेंब घेतला नाही. उशीर झाला होता. पोटात पाणी भरायचं, जलोदर. दर तीन आठवड्यांनी सुई घालून पाच पाच लिटर काढायचे, सोबत अल्ब्युमिनची बाटली लावायची. मीठ बंद. गावात कुणीतरी कावीळ उतरवणारा आणला, त्यानं मामांच्या हातावर काहीतरी चोळून चुन्याच्या पाण्यात धुतलं आणि पाणी पिवळं झालेलं सगळ्यांना दाखवलं. मी म्हटलं, माझे हात धुवा याच पद्धतीनं. तो उठून गेला.

सगळ्यात वाईट होतं ते डोक्याचं. लिव्हरनं अमोनिया साफ करायचा असतो, तो होत नाही, आणि मेंदूवर झापड येते. आधी दिवसाची रात्र आणि रात्रीचा दिवस झाला. मामा रात्री दोनला उठून मोटर चालू करायला निघायचे. दुपारी घोरत पडायचे. मग बँकेनं चेक परत पाठवला. सही जुळत नाही. तीस वर्षं तीच सही करणारा माणूस, आणि कागदावर वेलांट्या एकमेकांत गुंतलेल्या, ओळ उतरत खाली गेलेली. मॅनेजरला वाटलं घरातल्या कुणीतरी केली असेल. मामा माझ्याकडं बघून म्हणाले, "मीच केली की रं." हात पुढं करायला सांगितला की पंजा पंख फडफडल्यासारखा खाली-वर व्हायचा. त्यावर एक गोड पातळ औषध, लॅक्टुलोज, दिवसातून दोन-तीन वेळा पोट साफ झालंच पाहिजे अशा बेतानं द्यायचं. मामी दिनदर्शिकेवर रोजच्या चौकटीत खडूसारख्या बोथट पेन्सिलीनं रेघा मारायची. किती वेळा जाऊन आले त्या रेघा. दुधाचा हिशेब ठेवतात तशा.

डिसेंबरात गेले. वय 56.

दहाव्यानंतर कपडे आवरताना त्यांच्या पाकिटात एक लॅमिनेट केलेलं कार्ड सापडलं. दारूचा आजीवन परवाना. ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगतो, महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आजही आहे, आणि पिणाऱ्याकडं परवाना असावा लागतो. बारला आपण "परमिट रूम" म्हणतो ते त्यातूनच आलंय. आणि तो परवाना कशासाठी द्यायचा? तर आरोग्य राखण्यासाठी. कायद्याची भाषाच तशी आहे. मामांचा फोटो त्यात तिशीतला, केस मागं फिरवलेले. मामीनं विचारलं हे काय आहे. मी म्हटलं, गाडीचं लायसन.

इथं तुम्हाला वाटलं असेल, मग मी सोडली. नाही. तेराव्याच्या रात्री आम्ही चार भाचे बसलो. मामांच्या आठवणीत. रडलो, मामांचं फिल्टरचं वाक्य एकमेकांना सांगून हसलोसुद्धा, आणि दोन खंबे संपवले. सकाळी मी लॅबमध्ये माझं स्वतःचं रक्त काढलं आणि एलएफटी लावली. मर्यादेच्या जरा वर होती. म्हटलं, चालतंय.

माझं प्रमाण मामांपेक्षा कमी नव्हतं हे मी तेव्हा मोजलं नव्हतं. घरी नाईंटी, बाहेर मोजदाद नाही. दर दोन-तीन महिन्यांनी स्वतःची तपासणी. त्यासाठी मी रजिस्टरमध्ये एक पेशंट तयार केला होता. गणपत, वय 61, गावाचं नाव लांबचं. माझ्या नावानं रिपोर्ट निघाला तर सॉफ्टवेअरमध्ये राहतो, कुणीही बघतं. गणपतरावांना कोण ओळखणार? आणि तपासणीच्या आधी आठ-दहा दिवस मी बंद ठेवायचो. दारूनं वाढणारं एक एंझाइम आहे, जीजीटी, ते बंद केल्यावर दोन-तीन आठवड्यांत निम्म्यावर येतं. हा सल्ला मी मित्रांनाही द्यायचो. विम्याची मेडिकल आहे? मग पंधरा दिवस थांब, मग ये. आज तो सल्ला आठवला की पोटात कसंतरी होतं. किमान सात-आठ जणांना मी स्वतःच्या तोंडानं असं "नॉर्मल" करून दिलंय.

मार्च 2018 मध्ये गणपतरावांनी थांबायचं विसरून रक्त दिलं. मशीनवर लावलं आणि मी नमुने आणायला बाहेर गेलो. परत आलो तर प्राजक्ता, आमची ज्युनियर टेक्निशियन, फोन कानाला लावून उभी. मॅडम शेजारी रिपोर्ट हातात धरून. जीजीटी 214. एमसीव्ही 104, म्हणजे लाल पेशी फुगलेल्या. प्लेटलेट 1 लाख 12 हजार. मॅडम म्हणाल्या, "या आजोबांना आजच्या आज बोलावून घ्या, एकट्यानं येऊ नका म्हणावं."

आणि माझा शर्टाचा खिसा वाजायला लागला.

सॉफ्टवेअर मोबाइल नंबर टाकल्याशिवाय पुढं जात नाही. मी सवयीनं माझाच टाकलेला. प्राजक्तानं कानावरचा फोन काढला, माझ्या खिशाकडं पाहिलं, परत फोनकडं पाहिलं. रिंग वाजतच होती. तिनं ती बंद केली. तिघंही काही बोललो नाही. मग मॅडम इतकंच म्हणाल्या, "स्लाइड मीच बघते," आणि आत गेल्या.

लाल पेशी 120 दिवस जगते. दारूनं फुगलेल्या पेशींची पिढी बदलायला तेवढा वेळ लागतो. आपला श्रावण 30 दिवसांचा. जीजीटीला फसवता येतं, एमसीव्हीला तसं फसवता येत नाही. हे मला माहीत असूनही मी फक्त जीजीटीकडं बघत आलो होतो.

तरीही मी ऑगस्टपर्यंत लांबवलं. मुहूर्त हवा असतो ना आपल्याला. गटारीला शेवटची म्हणून घेतली आणि श्रावणाच्या पहिल्या दिवशी एकदम बंद. दुसऱ्या दिवशी घाम, झोप नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी नमुना घ्यायला पिपेट धरली. 10 मायक्रोलिटर, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढा थेंब. टोक नळीत जाईना. नळीच्या काचेवर टिक टिक टिक वाजायला लागलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याच्यानं पिपेट धरवली नाही. प्राजक्तानं ती हातातून काढून घेतली आणि म्हणाली, "सर, तुम्ही बसा." आमच्याकडं त्या शब्दाचा दुसरा अर्थ आहे हे तिच्या लक्षात नसावं.

बायको मला फिजिशियनकडं घेऊन गेली. ते चिडले. "एकदम सोडायला कुणी सांगितलं?" रोज भरपूर पिणाऱ्यानं अचानक बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम होतो, माणूस भिंतीवर किडे बघतो, आणि त्यात दगावतोही. त्याला गोळ्या असतात. सुरुवातीला जास्त, मग रोज कमी करत आठवड्याभरात बंद. आणि बी-1 ची इंजेक्शनं, सलाईनमधून साखर द्यायच्या आधी. आमच्याकडं पिणारा अशक्त झाला की पहिलं काम म्हणजे ग्लुकोजचं सलाईन लावून घेणं. शरीरात बी-1 नसताना नुसती साखर चढवली तर मेंदूला इजा होऊ शकते. दर श्रावणात पहिल्या आठवड्यात गावोगावी किती लोक "उपासाचा अशक्तपणा" म्हणून सलाईन लावून घेत असतील? मामांनी पंचवीस श्रावण ही जोखीम घेतली, आणि आम्ही शाबुदाणा खायला घालत होतो.

गोळ्यांनी हात थांबला. पुढचं गोळ्यांचं काम नव्हतं. बायकोनं पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची माहिती आणून ठेवली होती. अवचट दाम्पत्यानं 1986 साली सुरू केलेलं; आमच्या भागातलीही बरीच माणसं तिथं जाऊन आलीत. मी गेलो नाही, लॅबमधून महिनाभर सुट्टी नाही हे कारण सांगितलं. त्याऐवजी एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, मिटिंगला जायला लागलो, आठवड्यातून दोनदा, एका शाळेच्या वर्गात. बाक तिसरीच्या मुलांचे. गुडघे बाकात अडकतात. भिंतीवर "ज्ञ ज्ञानेश्वराचा" असा तक्ता. पहिल्या दिवशी उभं राहून नाव सांगून "मी दारुडा आहे" म्हणायचं होतं. सगळं आयुष्य जो शब्द दुसऱ्यासाठी वापरला तो. मला चौथ्या मिटिंगला जमलं.

माळ घालून सोडणारे आमच्याकडं पुष्कळ आहेत. पंढरपूर तीस किलोमीटरवर. काहीजण त्यांची चेष्टा करतात. मी करत नाही. मात्र माळ घातली म्हणून तपासायचं राहू नये. तुळशीची माळ गळ्यात आणि 70 हजार प्लेटलेट, असे दोघं-तिघं मी पाहिलेत. सोडून दहा वर्षं झालेले. आता कशाला तपासायचं, असं त्यांचं म्हणणं.

आणि "थोडी घेतली तर हार्टला चांगली" हे फॉरवर्ड मला अजून येतं. पूर्वी डॉक्टरही म्हणायचे. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी 2023 मध्ये सरळ सांगितलं की बिनधोक असं प्रमाणच नाही. कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात दारू 1988 पासून आहे, तंबाखूच्याच पंगतीला. लिव्हरच नव्हे; तोंड, घसा, अन्ननलिका, मोठं आतडं, बायकांमध्ये स्तन. मी पूर्वी मिसरी लावणाऱ्या बायकांना तोंडाच्या कॅन्सरचं ज्ञान देताना संध्याकाळच्या नाईंटीचा विचार करत असायचो.

सोडल्यावर महिन्याभरानं सोलापुरात फायब्रोस्कॅन केला. बरगड्यांवर एक नळकांडं टेकवून टिचक्या मारल्यासारखं करतात, लिव्हर किती कडक ते किलोपास्कलमध्ये येतं. सात-आठच्या आत हवं. माझं 11.8. साडेबाराच्या आसपास सिऱ्हॉसिसची हद्द लागते. तिथून परत फिरायला जागा होती, मामांना नव्हती. दीड वर्षानं 8.4 झालं.

परवा तो किल्लीवाला गिऱ्हाईक आला तेव्हा मी त्याला एलएफटीसोबत सीबीसीही करायला लावली. म्हणाला, कशाला, लिव्हरचंच पाहिजे. पैसे मी माझ्या खिशातून घातले. एसजीपीटी 37 आली. प्लेटलेट 96 हजार. मी स्लाइड केली, मॅडमना दाखवली, गुठळ्या नव्हत्या. फोनवर त्यानं विचारलं, "नॉर्मल हाय न्हवं?" मी म्हटलं, बायकोला घेऊन ये, मग सांगतो. अजून आलेला नाही. कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

गणपतराव दर सहा महिन्यांनी येतात. आता प्राजक्ताच रक्त काढते, रजिस्टरमध्ये नाव तीच लिहिते, वयही दरवर्षी एकानं वाढवते. गेल्या आठवड्यात जीजीटी 29 आलं, एमसीव्ही 91. प्लेटलेट 1 लाख 41 हजार. त्या आकड्याशेजारी मशीन अजूनही "कमी" अशी खूण छापतं. प्रिंट काढताना ती खूण झाकता येते, सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय आहे. तिनं विचारलं, "सर, ठेवू?"

म्हटलं, राहू दे.